हातावरचे पोट आणि अंगठ्याचे मोल

‘हात’ या एका शब्दाभोवती आपल्या मराठीने केवढा संसार थाटला आहे! हातभार, हातोटी, हातखंडा, हातगुण, हाताला यश, हाताची चव... वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिताना मुलांना मौज वाटते. पण या सगळ्या मेळ्यात एक वाक्प्रचार असा आहे की, तो लिहिला म्हणजे खडू क्षणभर थांबावा. तो म्हणजे ‘हातावर पोट असणे’. ज्याचे हातावर पोट आहे त्याची सारी इस्टेट म्हणजे त्याचे दोन हात. बँकेत ठेव नाही, गावी बागायत नाही. सकाळी हात चालले तर संध्याकाळी चूल पेटायची. मग असा हातच कामावर असताना यंत्रात सापडला, बोटे गेली, अंगठा गेला, तर त्या हातावरच्या पोटाचे काय?

आपल्यासारख्या पांढरपेशा घरांतून या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते: “मालक चांगला असला तर देईल काहीतरी.” वाचकहो, हे उत्तर मनाने कितीही मऊ असले तरी चुकीचे आहे. मालकाच्या चांगुलपणाचा येथे काडीमात्र संबंध नाही. या देशात शंभराहून अधिक वर्षे त्यासाठी कायदा आहे, हिशेबाचा तक्ता आहे आणि पैसे किती दिवसांत द्यावयाचे याची मुदतही आहे. ती भीक नव्हे, बक्षिशी नव्हे; तो हक्काचा पैसा आहे. मात्र हक्क कागदावर असणे आणि तो पदरात पडणे यांत अंतर असते, आणि बहुतेक वेळा ते अंतर अज्ञानाचे असते.

लोखंडे यांची मागणी

या हक्काची कथा आपल्या मुंबईतच सुरू होते, याचा आपल्याला सोयिस्कर विसर पडला आहे. रविवारची सुटी मिळवून देणारे म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण अधूनमधून घेतो. ‘दीनबंधू’ पत्राचे हे संपादक. १८८४ सालच्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सरकारने नेमलेल्या आयोगाकडे देण्यासाठी एक निवेदन तयार केले. पाच हजारांहून अधिक कामगारांनी त्यावर सह्या केल्या. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या त्यात होत्याच. पण आणखी एक मागणी होती. काम करताना जबर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्या माणसाच्या निर्वाहाची सोय व्हावी.

योगायोग पाहा. त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. इंग्लंडने १८९७ साली तसा कायदा केला. आपल्याकडे मात्र ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ व्हायला १९२३ साल उजाडले, आणि तो अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. परळच्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास चाळीस वर्षे लागली.

या कायद्याने एक मोठी उलथापालथ केली. तोवर जखमी कामगाराला कोर्टात सिद्ध करावे लागे की चूक मालकाची होती. गिरणीतल्या कामगाराने हे सिद्ध करायचे कसे? नव्या कायद्याने चुकीचा प्रश्नच बाजूला सारला. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला ना? मग भरपाई द्या. यंत्राचा नफा ज्याच्या घरी जातो, यंत्राची जोखीमही त्याच्याच घरी जावी, असा हा सरळ न्याय आहे.

२०१० सालापासून या कायद्याच्या नावात ‘वर्कमेन’ऐवजी ‘एम्प्लॉई’ म्हणजे कर्मचारी हा शब्द आला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ ने घेतली. घर बदलले, पण हिशेबाची चूल तीच राहिली. घरून कामावर जाताना व कामावरून परतताना होणारा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, आता या संहितेत बसतो.

तक्ता काय म्हणतो

कायद्याला जोडलेले एक परिशिष्ट आहे. त्याइतके कोरडे वाचन जगात दुसरे नसेल. शरीराचा कोणता भाग गेला म्हणजे कमाईची शक्ती शेकडा किती गेली, याची ती यादी आहे. दोन्ही हात गेले, किंवा एक हात व एक पाय गेला, तर शंभर टक्के. एक हात मनगटापासून गेला तर साठ. एका हाताची चार बोटे गेली तर पन्नास. अंगठा गेला तर तीस. तर्जनी चौदा, मधले बोट बारा, अनामिका किंवा करंगळी सात. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर चाळीस. उजव्या आणि डाव्या हातात तक्ता भेद करीत नाही. अवयव जागेवर असून कायमचा निकामी झाला, तरी तो गेल्यासारखाच धरतात.

आता हिशेब. महिन्याच्या वेतनाचे साठ टक्के घ्यावयाचे. त्याला वयाप्रमाणे ठरविलेल्या एका आकड्याने गुणावयाचे. तरुण माणसापुढे कमाईची वर्षे अधिक, म्हणून त्याचा आकडा मोठा: पंचविसाव्या वर्षी २१६.९१, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. येणारी रक्कम ही पूर्ण अपंगत्वाची भरपाई. अपंगत्व अंशतः असेल तर तिचे तक्त्याप्रमाणे टक्के काढावयाचे.

उदाहरण घेऊ. वेतन १२,००० रुपये, वय २५, अंगठा गेला. १२,००० चे साठ टक्के ७,२००. गुणिले २१६.९१, म्हणजे १५,६१,७५२. त्याचे तीस टक्के ४,६८,५२५ रुपये आणि वर साठ पैसे. याच माणसाचे वय पन्नास असते तर रक्कम ३,३०,६७४ रुपयांच्या आसपास आली असती. हिशेबात वेतन किती धरावे याला सरकारने अधिसूचनेने मर्यादा घातलेली असते. २०२० सालच्या जानेवारीत ती ८,००० वरून १५,००० रुपयांवर नेण्यात आली. दावा करतेवेळी चालू मर्यादा पाहून घ्यावी. औषधोपचाराचा खरोखर झालेला खर्च मालकाने याखेरीज द्यावयाचा असतो. तो भरपाईतून वळता करून घेता येत नाही.

एका कागदाचे वाचन

हे सगळे मी कायद्याच्या आवडीने शिकलो असे नाही. एका विद्यार्थ्याने मला ते शिकविले. २०२२ सालची गोष्ट. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून रात्रीपर्यंत एका लहानशा वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम, असा त्याचा दिवस. पत्र्याचा तुकडा डायखाली सरकवायचा, पायडल दाबायचे, जॉब बाहेर काढायचा. तासाला शेकडो वेळा हेच. पंधरा दिवस वर्गात दिसला नाही, आणि आला तो उजव्या हाताला बँडेज बांधून. अंगठा मुळापासून गेला होता. सोबत गावाहून आलेले वडील. स्टाफरूमच्या दारात दोघे उभे राहिले.

“सर, एक कागद वाचून दाखवता का?” वडील म्हणाले. “पोरगा म्हणतो सही करू, पण त्याची आई म्हणाली, आधी मास्तरांना विचारा.”

कागद एका पानाचा, टाईप केलेला. त्यात लिहिले होते की अपघात माझ्या हलगर्जीपणामुळे झाला. मालकांनी माणुसकीच्या भावनेने दिलेले पन्नास हजार रुपये मी स्वखुशीने स्वीकारीत आहे. यापुढे माझी किंवा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही.

“सही कशी करणार तू?” मी विचारले.

“सर, ते म्हणाले, डाव्या हाताचा अंगठा लावला तरी चालेल.”

मी भाषेचा माणूस, वकील नव्हे. तरीही त्या कागदातले तीन शब्द मला खड्यासारखे टोचले: हलगर्जीपणा, स्वखुशी आणि कोणतीही. आमच्या सोसायटीत कामगारांचे खटले चालविणारे एक वकील राहतात. संध्याकाळी आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो, आणि त्यांनी एकेका शब्दाचा अर्थ लावून दाखविला.

‘हलगर्जीपणा’ हा या कायद्यात बचावच नव्हे. आठ तास तेच ते काम करणाऱ्याचा हात एखाद्या वेळी चुकणारच, हे कायदा धरूनच चालतो. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या नशेत असला, त्याने सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षक गार्ड स्वतः मुद्दाम काढून टाकले, आणि त्यामुळे अपघात झाला, तरच मालक सुटू शकतो. आणि मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल, तर या सबबीही चालत नाहीत.

“गार्ड होते का रे?” वकिलांनी विचारले.

“होते ना. कोपऱ्यात पडलेले असायचे. ते लावले की माल कमी निघतो. शेठनीच काढायला लावलं होतं.”

‘स्वखुशी’चा अर्थ त्याहून सोपा निघाला. कामगाराने कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देण्याचा करार केला, तर तो करार रद्दबातल होय. माणूस दवाखान्यात असताना, खिसा रिकामा असताना दिलेली खुशी ही खुशी नव्हे, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच तडजोडीची नोंद अधिकाऱ्यापुढे व्हावी लागते, आणि रक्कम फार कमी वाटली तर तो नोंद नाकारू शकतो. मग ‘कोणतीही तक्रार नाही’ हे शब्द उरतात ते केवळ भीती घालण्यापुरते.

वकिलांनी कागदाच्या पाठीवर वर दिलेला हिशेब मांडला. पन्नास हजार कुठे आणि चार लाख अडुसष्ट हजार कुठे! वडील कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “पण शेठ वाईट माणूस नाही हो. दवाखान्याचं बिल त्यांनीच भरलं.”

हे अगदी खरे होते, आणि येथेच या प्रश्नाचा खरा पेच आहे. मालक दुष्ट नव्हता. सहा-सात माणसांचे त्याचे वर्कशॉप. स्वतःही घाम गाळणारा माणूस. त्याला फक्त असे वाटत होते की आपण देतो आहोत ते उपकार आहेत. नोटीस गेली तेव्हा तो खरोखरच दुखावला. कर्मचाऱ्यांच्या भरपाईचा विमा त्याने कधी उतरविला नव्हता. उतरविला असता तर ही रक्कम विमा कंपनीने भरली असती. आयुक्तांपुढे अर्ज झाला, तारखा पडल्या. बरोबरच्या दोन कामगारांपैकी एकाने गार्डविषयी खरे सांगितले, दुसरा आलाच नाही. दोन वर्षांनी निकाल लागला. तक्त्याप्रमाणे रक्कम व तीवर व्याज मिळाले, आणि ते चुकते करण्यासाठी मालकाला एक मशीन विकावे लागले. मुलगा बी.ए. झाला. आता एका गोदामात मालाची नोंद ठेवतो. पेन तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरतो. अक्षर थोडे तिरपे येते, पण स्पष्ट येते.

एकलव्याचे किती टक्के?

अंगठा म्हटले की आपल्याला एकलव्य आठवतो. आपल्या तक्त्याने त्याचे मोजमाप केले तर तीस टक्के निघेल. पण धनुर्धराचा अंगठा गेला म्हणजे त्याची विद्याच गेली. तीस टक्के कसले?

हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७५ साली आला. एक सुतार १९६९ साली काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने म्हटले, सुतारकाम एका हाताने होत नाही. तेव्हा सुतार म्हणून हा माणूस पूर्ण निकामी झाला, त्याला पूर्ण भरपाई द्या. भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही याच निकालात सांगितले. तेव्हा तक्त्यातला आकडा हा प्रारंभ समजावा, शेवट नव्हे. त्या अवयवावर त्या माणसाचा धंदा किती अवलंबून होता हे दाखविता आले, तर टक्के वाढू शकतात. पाठीचा कणा दुखावणे किंवा भाजणे यांसारख्या तक्त्यात नसलेल्या इजांचे टक्के डॉक्टर ठरवितात. दगडाच्या धुळीने किंवा कापसाच्या तंतूंनी फुप्फुसे निकामी होणे यांसारखे धंद्यातून जडणारे आजारही अपघातासारखेच धरले जातात.

राज्य विम्याची वेगळी वाट

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात अशा बहुतेक ठिकाणी कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘ईएसआय’, लागू असते. १९४८ सालच्या कायद्याने ही योजना आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. २०१७ साली तिची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली. विमा उतरविलेल्या कामगाराला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. त्याला महामंडळाकडून दरमहा पैसे मिळतात, आणि ते जन्मभर मिळतात. वैद्यकीय मंडळ टक्के ठरविते. पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या नव्वद टक्के आणि अंशतः अपंगत्वाला त्या प्रमाणात. बारा हजार वेतन आणि तीस टक्के अपंगत्व असले तर ढोबळमानाने महिना सव्वातीन हजार रुपये होतात. मंडळाचे टक्के पटले नाहीत तर अपील करता येते. एकरकमी पैसे लग्नात, कर्जात विरून जाण्याचा धोका असतो; दरमहा येणारे सव्वातीन हजार म्हातारपणीही दार ठोठावतात.

पहिल्या आठवड्यातल्या गोष्टी

असा प्रसंग आपल्या ओळखीच्या कुणावर आलाच, तर काही गोष्टी लगेच पाहाव्यात. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘मशीनवर काम करताना’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘घरी पडला’ असे लिहिण्याचा आग्रह झाला तर तेथेच सावध व्हावे. अपघाताची लेखी सूचना मालकाला द्यावी आणि पोच ठेवावी. पगाराची चिठ्ठी, बँकेतल्या नोंदी, हजेरीचा पुरावा, बरोबरच्यांची नावे जपून ठेवावीत. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा. देय झालेली रक्कम एका महिन्यात दिली नाही तर शेकडा बारा दराने व्याज लागते, आणि विलंबाला समर्थन नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो, मग त्याचे उत्पन्न कितीही असो.

आपण कोणत्या बाजूला?

“पण आमच्या घरात कोण प्रेसवर काम करते?” असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण आपण दुसऱ्या बाजूला असू शकतो, हे आपण विसरतो. मोटारीवर ठेवलेला ड्रायव्हर या कायद्यात येतो. गावी आपण दुमजली घर बांधतो, तेथील गवंडी आणि बिगारी येतात. काम तात्पुरते होते ही सबब २००० सालच्या दुरुस्तीनंतर उरली नाही. मेहुण्याचे छोटे वर्कशॉप असते, भावाची छपाईची मशिने असतात. त्या घरांतून विमा उतरविला आहे का, गार्ड यंत्राला आहे की कोपऱ्यात आहे, हे दिवाळीच्या फराळाला बसल्यावर सहज विचारता येईल. विचारणारा आगाऊ ठरला तरी हरकत नाही. वर्षाचा विम्याचा हप्ता मशीन विकण्याहून नक्कीच स्वस्त असतो.

यंदाही खंडेनवमीला कारखान्यांतून यंत्रे धुतली गेली असतील, त्यांना झेंडूचे हार पडले असतील, कुंकू लागले असेल. फराळाच्या डब्याचे झाकण, पूजेचे ताट, पणतीखालची थाळी यांतले किती जिन्नस कुणाच्या हाताखालून त्या यंत्रांतून निघाले असतील! यंत्राची पूजा करण्यात वावगे काही नाही. हार घालून झाल्यावर कोपऱ्यातले ते गार्ड उचलून जागेवर बसवावे, एवढे केले तरी पूजा पुरी झाली म्हणावयाची.